मोठ्या मापाचे बेंच

ते बेंच एकदा बघायला हवे होते तुम्ही. बेंच कसले, हत्तीच की! रेल्वेच्या भंगारातून निघालेल्या जाडजूड फळ्या, त्यांना तसेच जाडजूड पाय, पुढे पाटी ठेवायला उतरती फळी, आणि ती फळी अन् बैठक पट्ट्या ठोकून एकमेकांना कायमची जोडलेली. एक बेंच सरकवायचा तर चार गडी लागायचे. नंदनवनच्या अलीकडे नाल्याच्या काठाने जी वस्ती होती, तिथल्या प्रज्ञा बालवाडीची ही सगळी दौलत. वस्ती मिलमधल्या, हमालीतल्या, गवंड्याच्या हाताखालच्या माणसांची. छप्पन साली दीक्षा घेतलेली घरं. बालवाडीच्या खोलीवर कवेलूंचं छप्पर होतं, भिंतींना गिलावा नव्हता, दाराची कडी वाकडी होती, पण बेंच मात्र असे की पाहुण्याला आधी तेच दाखवायचे.

आणि त्या बेंचांवर बसणाऱ्या एकाही पोराचे पाय जमिनीला टेकत नव्हते!

असं कसं झालं, त्याची गंमत ऐका. बेंच करायचे ठरले तेव्हा वस्तीतले आनंदराव मिस्त्री म्हणाले, "माप सांगा." आता माप कोण सांगणार? शाळेतल्या बेंचवर उभ्या जन्मात बसलेला एक माणूस कमिटीत नव्हता. मग काय, मिलची पाळी सुटली की एकेक जण यायचा आणि ठोकलेल्या नमुन्यावर स्वतः बसून बघायचा. "टेकते काय गा पाय?" "टेकते. थोडा अजून उंच कर, गुडघे मुडपून राहिले." असं करता करता चांगल्या धिप्पाड बापयांच्या मापाचे बेंच तयार झाले. बसणारं पोरगं चार-पाच वर्षांचं असणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि आलं तेव्हा कोणी बोललं नाही. बोलणार तरी कसं? आठवडाभर सगळी कमिटी त्या बेंचांवर ओळीने बसून चहा पीत होती आणि पोरासोरांसारखी खिदळत होती.

हे सगळं जयाला तिच्या सासऱ्यांनीच सांगितलं होतं. तिचे सासरे चंपतराव म्हणजे कमिटीचे अध्यक्ष. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून हसून. जयाही हसायची. तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं, याच बेंचांपायी आपली मान अडकणार आहे म्हणून!

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जया बालशिक्षणाचं ट्रेनिंग संपवून आली आणि त्या खोलीची बाई झाली. वस्तीतली पहिली शिकलेली सून. आणि शिकली ती चंपतरावांमुळे, हे कोणी नाकारू नये. जयाने तर कधीच नाकारलं नाही. लग्न झालं तेव्हा ती मॅट्रिक नापास होती. नवरा मधुकर रेल्वेत, बडनेऱ्याला. सुट्टीला तेवढा यायचा. सासू भीमाबाई म्हणाली, सून आली, आता मी जरा टेकते. चंपतराव म्हणाले, "टेकजो नंतर. आधी सून शिकू दे." ट्रेनिंगचा वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला. बसला पैसे कुठले? वर्षभर, उन्हातान्हात, चंपतरावांनी सुनेला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं आणि आणलं. सुनेला कॅरिअरवर! लोक काय काय बोलले असतील, तुम्हीच ओळखा. सकाळच्या भाकऱ्याही कित्येकदा त्यांनीच थापल्या, जाड्याभरड्या, कडेला कच्च्या. असा सासरा दिवा लावून शोधला तरी सापडायचा नाही. आणि म्हणूनच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता येतं हो. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं?

ट्रेनिंगमध्ये जयाच्या डोक्यात एक खोली तयार झाली होती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने ती काढूनसुद्धा ठेवली होती. त्या खोलीत पोरगं आलं की त्याने आपल्या मनाने काम निवडावं, आपल्या हाताने वस्तू उचलावी, चुकलं तर आपणच बघून सुधारावं आणि झालं की वस्तू जागच्या जागी ठेवावी. सगळं त्याच्या हाताच्या उंचीवर. फळाही खाली, जमिनीला टेकलेला, पोरांसाठी. बाईने मधे मधे तोंड घालायचं नाही. आणि बसायला जमीन, मोकळी. त्यांना शिकवणाऱ्या दातेबाई म्हणायच्या, "आपल्याकडचं मूल जमिनीवर वाढतं. जमीन हेच त्याचं टेबल, जमीन हीच त्याची पाटी." जयाला ते इतकं आवडलं होतं की घरी येताना कॅरिअरवर बसल्या बसल्या तिने ते चंपतरावांना म्हणून दाखवलं. ते पायडल मारता मारता "हं" म्हणाले. वारा होता, नीट ऐकू गेलं नसेल, असं तिला वाटलं.

जून उजाडला, बालवाडी भरली आणि पहिल्याच दिवशी जयाची खोली कॅलेंडरमागेच राहिली. पोरांना बेंचवर चढता येईना. एकेकाला काखेत धरून वर बसवायचं. वर बसलं की पोर अडकलं; पुढे फळी, मागे पाठ, खाली पाय लोंबकळताहेत. "बाई, उतरवा." "बाई, माही पेन्सिल पडली." "बाई, शू." आणि शू म्हणेपर्यंत झालेलीच असायची. पोरांनी आपल्या मनाने काय करावं? आपल्या मनाने त्यांना खालीसुद्धा उतरता येत नव्हतं! दिवसभर उचल आणि ठेव, उचल आणि ठेव. जया बाई कसली, इतवारीच्या बाजारातली हमालच झाली होती.

एकदा तिने भीतभीत विषय काढला. "मामाजी, बेंच जरा उंच झाले ना पोरांईले?"

चंपतराव हसले. "पोट्टे वाढतीन ना वं! बेंच थोडीच लहान होऊन राहिले."

 तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण जया गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पोळ्याच्या सुट्टीला मधुकर घरी आला, तेव्हा तिने त्याला आणि त्याच्या दोस्तांना गोडीगुलाबीने पटवलं. सगळे बेंच मागच्या भिंतीला नेऊन एकावर एक रचले. जमीन शेणाने स्वच्छ सारवली. संत्रा मार्केटातून रिकाम्या पेट्या आणल्या, त्या आडव्या मांडल्या, झाली फडताळं. त्यांत चिंचोके, सीताफळाच्या बिया, वाळलेली बोरं, काज-बटणांच्या चिंध्या, दोन लोटे, एक गाळणं, भोकं पाडलेला डबा. घरातल्या चटया अंथरल्या. भीमाबाई कुरकुरली, "आता पाहुणा आला का माह्या डोक्यावर बसवजो." पण चटया तिनेच झटकून दिल्या.

आणि काय सांगू, त्या खोलीत जीव आला! पोरं आधी गोंधळली, बाई काही सांगतच नाही म्हणून रडकुंडीला आली. मग एकेक हात पुढे झाला. आम्रपाली नावाची एक पोरगी होती, घरी तिला आमू म्हणायचे. बेंचवर असताना ती तोंडातून शब्द काढत नसे. ती आता सकाळी येऊन थेट लोट्यांपाशी जायची. या लोट्यातून त्या लोट्यात पाणी. सांडलं की स्वतःच फडकं आणून पुसायची आणि पुन्हा ओतायची. एक थेंब सांडला नाही, त्या दिवशी तिने वर पाहिलं, कोणाकडे नाही, असंच, आणि स्वतःशीच मान डोलावली. जया दाराआड जाऊन डोळे पुसून आली. दुसऱ्या एकाने पेटी ओढत आणून तिच्यावर चढून खुंटीवरची पिशवी काढली, कोणाला न विचारता. मोठी पोरं बारक्यांची बटणं लावून द्यायला लागली. जया हात मागे बांधून उभी राही. तिला वाटायचं, हेच ते. यापुढे मला जन्मात काही मिळालं नाही तरी चालेल.

आईबाप दिवसभर कामावर; महिनाभर आत डोकावायला कोणाला सवड मिळाली नव्हती. आणि मग एका दुपारी प्रयागबाई आली.

प्रयागबाई म्हणजे आमूची आई. नंदनवनला नवीन घरांची बांधकामं चालू होती तिथे ती गवंड्याच्या हाताखाली होती. हातावर सिमेंट तसंच वाळलेलं. पोरगी कशी शिकते ते बघावं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती. दारातच थबकली.

"बाई, माही आमू कुठं हाये?"

"हे काय, इथं. पाणी ओतून राहिली. पाहा तर, एक थेंब नाही सांडवत."

प्रयागबाईने पाण्याकडे पाहिलंच नाही. "खाली काहून बसवलं तिले?"

"खाली बसलं का पोरगं मोकळं राहते, प्रयागबाई. आपल्या मनानं उठते, आपल्या मनानं घेते…"

"आपल्या मनानं?" प्रयागबाईचा आवाज चढला. "तिचा बाप बसला व्हता खाली. उमरेडकडच्या शाळेत. वर्गातबी नाही, दाराच्या बाहीर, पोत्यावर. गुरुजी पाटीले हात नाही लावे, छडीनं सरकवे. त्याले नाही इचारलं कोणी त्याचं मन. एक दिवस उठला अन् ढोरामागं गेला, तो आजवर पाठीवर पोतीच वाहून राहिला." मग तिने भिंतीला रचलेले बेंच पाहिले.  "ह्या बेंचासाठी माह्या घरधन्यानं फळ्या वाहून आणल्या, बाई. फुकटात. अन् तुमी ते भिंतीले लावून ठेवले, अन् माही लेक खाली? तुमी आमच्यातल्याच ना? का शिकून दुसऱ्यातल्या झाल्या?"

आमूला काखोटीला मारून ती निघून गेली. आमूच्या हातात लोटा तसाच राहिला होता. रस्ताभर पाणी सांडत गेलं.

जया दारात उभीच. ट्रेनिंगच्या वहीत याचं उत्तर नव्हतं. दातेबाईंना जमीन आवडत होती, कारण दातेबाईंना जमिनीवर कोणी बसवलं नव्हतं. त्या स्वतः बसत होत्या. आणि जयाच्या हे ध्यानातसुद्धा येऊ नये? तिचा स्वतःचा बाप? त्याने शाळाच पाहिली नव्हती, आत नाही की बाहेर नाही. तिला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की विचारू नका. आणि त्याच वेळी मनातून एक दुसरा आवाज ओरडत होता, अरे पण एक थेंब नाही सांडला रे पोरीच्या हातून, ते कोणी बघणार की नाही?

वस्तीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत नळावर एकच विषय. "चंपतरावची सून पोट्ट्याईले जमिनीवर बसवून राहिली म्हणते." "अन् शिकवत काही नाही, पाणी ओत म्हणते." "पाणी भरायले का शाळा पाहिजे? थे तर घरीच भरून राहिले!" दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी विहारात कमिटी बसली. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांत जया. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, तेच जास्त लागत होतं.

आनंदराव मिस्त्री उठले. बिचारे बोलता बोलता अडखळले. "चंपतराव, बेंच खराब झाले असन तर सांगा. मी दुरुस्त करून देतो ना बाप्पा. पण असे भिंतीले…"

चंपतराव उभे राहिले. आणि या माणसाने, ज्याने आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्याने सगळ्या वस्तीसमोर सांगितलं, "पॉलिश मारायचं होतं बेंचाले. म्हणून बाजूले ठेवले. म्या सांगितलं होतं सूनबाईले. तिचा दोष नाही."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. असं होय! जयाचा मात्र आतल्या आत कोंडमारा झाला. तिच्यासाठी, तिची लाज राखायला, ते विहारात उभं राहून खोटं बोलले होते. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

घरी आल्यावर चंपतराव ओट्यावर बसले. जयाने पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, लोटा खाली ठेवला.

"मामाजी, काही तरी बोला."

"काय बोलू? म्या तुले कधी काही म्हटलं काय आजवर?"

"नाही."

"आताबी म्हणून नाही राहिलो. तू शिकेल हायेस. तुले जास्त समजते." त्यांनी लोटा बाजूला सरकवला. "फक्त एवढंच का, म्या जिवंत हावो तोवर आपले पोट्टे खाली नको बसवू. मेल्यावर बसवजो."

आता सांगा, यावर काय करावं माणसाने? आपलेच दात अन् आपलेच ओठ.  सायकलचं कॅरिअर, कच्च्या भाकऱ्या, विहारातलं खोटं, सगळं जयाच्या छातीवर येऊन बसलं. आणि ती एकदम बोलून गेली, जन्मात पहिल्यांदा सासऱ्यांच्या तोंडावर:

"मग तुमी नका सांगू, मीबी नाही सांगत. पोरांईलेच विचारा ना! बसायचं त्याईले हाये. एक दिवस बेंचबी मांडू अन् चटयाबी. पोरं जिथं बसतीन थे राहीन. बेंचवर बसले तर जन्मात पुन्हा चटईचं नाव नाही काढत मी."

आतून भीमाबाई म्हणाली, "घ्या! आता चार वर्षाच्या पोट्ट्याईचं इलेक्शन!"

पण चंपतराव हसले नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "अन् खाली बसले तर?"

"तर तुमी वस्तीले सांगायचं. पॉलिश नाही, खरं सांगायचं."

"ठरलं," चंपतराव म्हणाले. "पण पोट्ट्याईले घरून कोणी पढवायचं नाही. माह्याकडून शब्द."

जयाला त्या रात्री किती हलकं वाटलं! तिला खात्री होती हो. पोरांच्या बाजूने तिला एवढासाही संशय नव्हता. महिनाभर जी पोरं चटईवर पक्ष्यांसारखी बागडली, ती त्या लाकडी पिंजऱ्यात स्वतःहून कशाला जातील? हातच्या कांकणाला आरसा कशाला? आणि चंपतरावांनी शब्द पाळला. विहारात सगळ्या आईबापांना उभं करून सांगितलं, पोरांना एक अक्षर सांगायचं नाही, सांगाल तर माझ्याशी गाठ आहे. लोकांनी पाळलंही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर जयाने घरोघर जाऊन विचारलं. कोणी, म्हणजे कोणीही, पोरांना काही सांगितलं नव्हतं.

तो दिवस उजाडला. अर्ध्या खोलीत बेंच, अर्ध्या खोलीत चटया आणि संत्र्याच्या पेट्या. लोटे घासून लख्ख. जयाने मुद्दाम नवे चिंचोके मांडले होते, दोन रंगांचे. खिडक्यांशी वस्ती दाटली. आनंदराव, भीमाबाई, प्रयागबाई, आणि तिच्या शेजारी आमूचा बाप देवाजी, कामावर जाता जाता थांबलेला, खांद्यावर हमालीचं पोतं घडी करून टाकलेलं. चंपतराव दारात, आत न येता.

जयाने पोरांना ओळीने आत घेतलं आणि म्हणाली, "आज तुमाले जिथं बसावं वाटते तिथं बसा. चटईवर बसा, बेंचवर बसा. कोणी रागावणार नाही." आणि हात मागे बांधून ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, शिकवलं होतं तशी.

पोरं जागच्या जागी उभी. चिंचोक्यांकडे पाहताहेत, बेंचांकडे पाहताहेत. एका बारक्याने तर चटईवर पाऊलही ठेवलं. जया कोपऱ्यातून एक पाऊल पुढे आली.

मग आमू हलली. ती पेट्यांकडे गेली. जया मनात म्हणाली, जा, घे लोटा. आमूने पेटीतले चिंचोके काढून नीट चटईवर ठेवले, एकही न सांडता. रिकामी पेटी दोन्ही हातांनी ओढत तिने बेंचापाशी आणली. पालथी घातली. तिच्यावर चढली. हलते का ते पाय आपटून पाहिलं. आणि फळीला धरून, पोट घासत, स्वतःची स्वतः बेंचवर चढून बसली.

तेवढं पुरलं. दुसऱ्याने दुसरी पेटी आणली. मोठ्यांनी बारक्यांना ढुंगणाला हात लावून वर लोटलं. एकाची चड्डी अडकली, ती शेजारच्याने सोडवली. "तू इकडं सरक." "हे धर, पडशीन." कोणी रडलं नाही, कोणी "बाई" म्हणून हाक मारली नाही. महिनाभर जे जे म्हणून ती पोरं त्या जमिनीवर शिकली होती, आपलं आपण बघणं, वस्तू आणणं, एकमेकांना हात देणं, ते सगळं कामाला आलं. बघता बघता चटया रिकाम्या झाल्या. चटईवर पाऊल ठेवलेला तो बारकासुद्धा हात वर करून उभा राहिला, आणि दोघांनी त्याला ओढून घेतला.

ओळीने सगळे बसले. पाय लोंबकळताहेत. माना ताठ.

खिडकीतून कोणी ओरडलं नाही की टाळी वाजवली नाही. जयाला वाटलं, भिंती जवळ जवळ येताहेत. पोरांच्या मनानेच व्हावं म्हणाली होती ना? झालं होतं. असं काटेकोर झालं होतं की दातेबाईंनी शाबासकी दिली असती. आता कोणाशी भांडणार? ती आमूपाशी गेली. 

"आमू, तुले पाणी ओतायले आवडते ना वं?"

आमूने मान हलवली. आवडते.

"इथं बसून लोटा येईन काय हाताशी?"

"नाही येत."

"पाय दुखतीन इथं."

"दुखते," आमू म्हणाली. तिला हे सगळं आधीच माहीत होतं.

"मग इथं काहून बसली, माये? कोणी सांगितलं काय घरून?"

"नाही सांगितलं." आमूने फळीवर तळहात ठेवला, दारावर ठेवावा तसा. "माह्या बाले बेंच नव्हता ना. म्हणून म्या त्याच्या वाटचं बसून राहिली."

शेजारचं पोरगं लगेच म्हणालं, "म्याबी. म्या आज्याच्या वाटचं."

 जयाने बेंचाची कड धरली. हे कोणी शिकवलं होतं यांना? कोणीच नाही. भाकरी खाताना, झोपताना, बाप पाठीला तेल लावून घेताना, कानावर पडेल ते ऐकून ही पोरं आपल्या मनाने, आपलं आपण, शिकली होती.

"अन् तुह्या वाटचं?" तिने विचारलं. "तू तुह्या वाटचं कधी बसशीन?"

आमूने विचार केला. चांगला कपाळाला आठी घालून केला.

"आधी बाच्या वाटचं होऊ दे," ती म्हणाली. "मग माह्यं."

"थे कधी होईन?"

हे मात्र आमूला ठाऊक नव्हतं. ती वळली आणि खिडकीकडे बघून तिने खणखणीत आवाजात विचारलं, "बा! झालं काय गा तुह्या वाटचं?"

सगळ्या वस्तीने देवाजीकडे पाहिलं. दारातल्या चंपतरावांनी पाहिलं. देवाजी साधा माणूस, त्याला थट्टा येत नसे, खोटंही येत नसे. त्याने खांद्यावरचं पोतं या हातातून त्या हातात घेतलं. लेकीचे लोंबकळणारे पाय पाहिले, चटईवर मांडून ठेवलेले चिंचोके पाहिले. त्याला तिला उतर म्हणायचं होतं, हे जयाला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं; ओठ हललेही. पण पोरीने विचारलं होतं आणि तिला खरं सांगायला हवं होतं.

त्याने मान हलवली. नाही.

"बरं," आमू म्हणाली, आणि सावरून बसली.

चंपतरावांनी दाराची चौकट धरली होती. ते जिंकले होते, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. "सूनबाई," ते हळूच म्हणाले, "शिकव आता."

पोरांनी हाताची घडी घातली. जयाने खडू उचलला आणि भिंतीवरच्या फळ्याकडे तोंड केलं.